आधी गुरं, मागून शेत: आफ्रिकेतल्या शेतीची उलटी गोष्ट

ज्वारीची भाकरी सोलापूरकडची, बाजरीची नगरकडची आणि नाचणीची कोकणातली, असं आपण सहज म्हणून जातो. तिन्ही धान्यं मुळातली आफ्रिकेची आहेत. ज्वारी पूर्व सुदानच्या बाजूची, बाजरी सहाराच्या दक्षिण कडेची म्हणजे माली-मॉरिटानियाकडची, आणि नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगरउतारांवरची. चवळी तिकडचीच, चिंचही तिकडचीच. कारळ्याची चटणी करतो ते कारळं इथिओपियाचं. एवढं सगळं ज्या खंडानं आपल्या ताटात वाढलं, त्या खंडातल्या शेतीबद्दल शाळेत नाईलकाठचा इजिप्त सोडला तर एक ओळ नव्हती.

शाळेत शिकवलेला क्रम सगळ्यांना पाठ असतो. माणूस शिकार करत, कंदमुळं खात हिंडत होता. मग त्यानं बी पेरलं. पेरलं म्हणून एका जागी थांबला. गाव वसलं, गुरं आली, मडकी आली. हा क्रम पश्चिम आशियातल्या, म्हणजे आजच्या सीरिया, इराक, तुर्कस्तानच्या पट्ट्यातल्या उत्खननांवरून बेतलेला आहे. तिथंही तो तितका सरळ नाही, पण ते असो. आफ्रिकेत तो जवळजवळ उलटा आहे. तिथं आधी मडकी आली, मग गुरं, आणि पेरणी सगळ्यांत शेवटी. पहिलं मडकं आणि पहिलं शेत यांच्यात जवळपास सहा हजार वर्षांचं अंतर आहे.

जुन्या, वसाहतकाळातल्या लेखनात याचा अर्थ सरळ लावला जायचा: शेती उशिरा, म्हणजे माणसं मागासलेली. पुरावे नीट पाहिले तर वेगळंच दिसतं. पेरायची गरजच फार काळ पडली नव्हती.

सहारा हिरवा होता तेव्हा

सगळ्याची सुरुवात पावसापासून करायला हवी. पृथ्वी सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरते, म्हणजे वर्षातून एकदा ती सूर्याच्या सर्वांत जवळ येते. सध्या हा दिवस जानेवारीच्या सुरुवातीला येतो, उत्तर गोलार्धात ऐन थंडीत. पण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डोलत असल्यामुळे ही तारीख सरकत राहते आणि सुमारे २३ हजार वर्षांत पूर्ण फेरा घेते. दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी पृथ्वी ऐन उन्हाळ्यात सूर्याच्या जवळ असायची. उत्तर गोलार्धाला उन्हाळ्यात आजच्यापेक्षा सात-आठ टक्के जास्त ऊन मिळायचं. जमीन जास्त तापली की समुद्रावरून ओलसर वारं जास्त आत ओढलं जातं. आपला नैर्ऋत्य मोसमी पाऊसही त्या काळात जोरात होता, आणि पश्चिम आफ्रिकेचा मोसमी पाऊस तर थेट सहाराच्या मध्यापर्यंत पोचत होता.

साधारण साडेचौदा हजार ते पाच हजार वर्षांपूर्वीपर्यंतचा, मधला एखाद-दुसरा कोरडा खंड सोडला तर, हा ओला काळ. आज जिथं नुसती वाळू आहे तिथं गवताळ माळ, बाभळीची रानं, नद्या आणि तळी होती. आज आक्रसून उथळ झालेलं चाड सरोवर तेव्हा महाराष्ट्राच्या क्षेत्रफळापेक्षा मोठं पसरलं होतं. पाणघोडे, मगरी आणि हत्ती होते. लिबियातल्या आकाकूस आणि अल्जिरियातल्या तासिली या डोंगरांत खडकांवर ही जनावरं रंगवलेली आणि कोरलेली आजही दिसतात. १९८७ साली ईशान्य नायजेरियातल्या दुफुना गावाजवळ एक फुलानी गुराखी विहीर खणत असताना खाली लाकूड लागलं. ती एका खोडातून कोरलेली होडी निघाली, सुमारे ८.४ मीटर लांब आणि अंदाजे आठ हजार वर्षं जुनी. आफ्रिकेत सापडलेली ही सर्वांत जुनी होडी, आणि सापडली कुठं, तर आज जिथं पाण्यासाठी विहीर खणावी लागते तिथं.

या मुलखातली माणसं तळ्यांच्या आणि नद्यांच्या काठानं राहत. हाडांचे गळ आणि भाल्यांची दातेरी टोकं करून मासे मारत, पाणघोड्याची शिकार करत, गवताचं बी गोळा करत. आणि मडकी घडवत. मालीतल्या उंजुगु इथं सापडलेली खापरं सुमारे ११,४०० वर्षांपूर्वीची आहेत. पश्चिम आशियात मडकी येण्याच्या पुष्कळ आधीची ही गोष्ट. शेतीचा पत्ता नसताना मडकं कशाला? शिजवायला. गवताचं बारीक बी कच्चं खाऊन पचत नाही. लिबियातल्या दोन ठिकाणच्या दहा हजार वर्षं जुन्या खापरांत मुरलेल्या स्निग्ध पदार्थांचं रासायनिक पृथक्करण झालं तेव्हा त्यात रानगवत आणि पाणवनस्पती शिजवल्याच्या खुणा मिळाल्या. पातळ, उकळलेलं अन्न मिळालं की लहान मुलं आणि दात पडलेली म्हातारी माणसंही जगतात. मला विचाराल तर मडक्याचा हा फायदा शेतीपेक्षा कमी नव्हता.

रानातलं अन्न गोळा करणं म्हणजे हाताला लागेल ते तोंडात टाकणं, असं आपल्याला वाटतं. दक्षिण इजिप्तमधल्या वादी कुब्बानिया इथं, हा ओला काळ सुरू होण्याच्याही आधी, सुमारे अठरा-वीस हजार वर्षांपूर्वी नाईलकाठी राहणाऱ्या लोकांच्या चुलींत जळालेले बारके कंद मिळाले. ते लव्हाळ्याचे होते. हो, तोच लव्हाळा, जो एकदा वावरात शिरला की खुरपून खुरपून शेतकरी थकतो आणि तो हटत नाही. ज्याचा कंद नागरमोथा म्हणून उटण्यात घालतात. हे कंद कडवट असतात, पण कुटून आणि भाजून खाल्ले तर भरपूर पिष्ट देतात, आणि गंमत म्हणजे दर वर्षी खणले की पुढच्या वर्षी जास्त येतात. आपल्या शेतकऱ्याचा शाप तो त्यांचा बारमाही आधार. सुदानमध्ये खार्टूमजवळ अल खिदाय इथल्या दफनांतल्या दातांवरच्या किटणातही लव्हाळ्याचे अंश मिळाले, तेही हजारो वर्षांच्या अंतरानं पुरलेल्या माणसांत. शेती आल्यानंतरसुद्धा त्यांनी तो खाणं सोडलं नव्हतं. त्यांचे दात फारसे किडलेले नव्हते, आणि दात किडवणाऱ्या जंतूंना लव्हाळा आवर घालत असावा, असं तो अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं आहे.

आता रानटी ज्वारी. इजिप्तच्या दक्षिण वाळवंटात, अबू सिंबेलपासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला नाब्ता प्लाया नावाची जागा आहे. पावसाळ्यात तिथं तळं भरायचं. काठावरच्या आठ हजार वर्षांपूर्वीच्या झोपड्यांत आणि साठवणीच्या खड्ड्यांत ज्वारीचे, इतर गवतांचे जळके दाणे आणि कंद मिळाले. सगळं रानटी. लिबियातल्या ताकरकोरी या खडकाच्या आडोशाला तर गवताच्या बियांचे लहान लहान गोल ढीग मिळाले, एकूण दोन लाखांहून जास्त बिया. शेजारच्याच भागात ऊआन अफूदा गुहेत रानमेंढ्यांच्या लेंड्यांचा जाड थर आहे. म्हणजे त्यांना धरून, कोंडून, चारा घालून ठेवत आणि लागतील तशा मारून खात. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. ही जात पुढं कधीच माणसाळली नाही, पण कोंडवाड्याची कल्पना गुरं यायच्या आधीच तिथं होती.

दाणा झडतो की कणसाला राहतो

इतकी हजार वर्षं ज्वारी खाऊनही ती रानटीच कशी राहिली? याचं उत्तर कापणीच्या पद्धतीत आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच समजत नाही.

रानातल्या गवताला माणसाची पर्वा नसते. दाणा पिकला की त्याच्या बुडाशी एक नाजूक थर तयार होतो, वाऱ्याच्या झुळकेनं तो तुटतो आणि दाणा जमिनीवर झडतो. झडला नाही तर पुढची पिढी कुठून येणार? पण हजारो ताटांत एखादं असं निघतं की त्याचा हा थर नीट तयारच होत नाही. दाणा कणसालाच चिकटून राहतो. रानात असं ताट निकामी. माणसाच्या हातात पडलं तर मात्र त्याचं नशीब फळफळतं. विळ्यानं कणसं कापून खळ्यावर आणली की वाटेत झडणारे दाणे झडून जातात आणि चिकटून राहिलेले घरी पोचतात. त्यातलंच बी पुढच्या वर्षी पेरलं की दर पिढीत न झडणाऱ्यांचं प्रमाण वाढत जातं. शे-दोनशे, किंवा हजार-दोन हजार वर्षांत पीक असं होतं की मळल्याशिवाय दाणा सुटत नाही, आणि माणसानं पेरल्याशिवाय ते उगवत नाही. पिकाचं माणसाळणं म्हणतात ते हेच.

मात्र यात दोन अटी आहेत. कापायचं, आणि पेरायचं. सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यात अगदी विसाव्या शतकापर्यंत रानगवताचं धान्य गोळा करण्याची रीत अशी होती: पिकलेल्या गवतातून चालत जायचं आणि हातातली टोपली गवताच्या शेंड्यांवरून झपकन फिरवायची. झडायला आलेले दाणे आपोआप टोपलीत. खूप कमी कष्टात दिवसभराचं धान्य. या पद्धतीत टोपलीत येतात ते झडणारे दाणे, आणि न झडणारं ताट मागं तसंच उभं राहतं. म्हणजे हजारो वर्षं गोळा केलं तरी निवड उलट्या दिशेनं होते किंवा होतच नाही. शिवाय गोळा करून पोट भरत असेल तर पेरायचं कशाला? नांगरट, राखण, पाखरं हाकणं हे सगळं कोण ओढवून घेईल?

गुरं आली, गहू अडकला

साधारण आठ हजार वर्षांपूर्वी या मुलखात पाळीव गुरं, शेळ्या आणि मेंढ्या दिसू लागल्या. शेळी आणि मेंढी यांचे रानटी पूर्वज आफ्रिकेत नव्हते, म्हणजे ती पश्चिम आशियातून आली हे नक्की. गुरांबद्दल वाद आहे. रानगाय उत्तर आफ्रिकेतही होती, आणि नाब्ता प्लायाला ती आणखी आधीच पाळली गेली असं उत्खनन करणाऱ्यांचं म्हणणं होतं. जनुकांच्या अभ्यासातून निघणारं चित्र असं की गुरं मुख्यतः पश्चिम आशियातूनच आली आणि वाटेत स्थानिक रानगुरांशी त्यांचा संकर झाला.

शेतकऱ्यांनी गुरं पाळली असं इथं घडलं नाही. मासे मारणाऱ्या, शिकार करणाऱ्या आणि गवताचं बी गोळा करणाऱ्या लोकांनी ती घेतली आणि ते गवळी-धनगर झाले. तासिलीच्या खडकांवर या काळात चित्रं बदलतात. हत्ती आणि पाणघोडे कमी होतात आणि ठिपक्याठिपक्यांच्या, वेगवेगळ्या शिंगांच्या गाईंचे कळप दिसू लागतात. एकेका गाईचा रंग आणि शिंगाचं वळण इतकं वेगळं काढलंय की रंगवणाऱ्याला ती नावानं माहीत असावी असं वाटतं. ताकरकोरीच्या सात हजार वर्षं जुन्या खापरांत दुधाची चरबी सापडली, आणि ती नुसत्या दुधाची नव्हती. दूध तापवून, आंबवून, त्याचं काहीतरी करून साठवत असावेत. मोठ्या माणसाला न आंबवलेलं दूध पचवायला एक विकर लागतं, जे बहुतेकांत लहानपणानंतर बंद होतं. युरोपात ज्या जनुकीय बदलानं ते चालू राहिलं, त्याहून वेगळे बदल टांझानिया, केनिया आणि सुदानमधल्या लोकांत स्वतंत्रपणे झाले, हे २००७ साली दाखवलं गेलं. दूध पिणं आधी सुरू झालं, पचवणारं शरीर मागून आलं. मधल्या काळात ताक-दह्यानं वेळ भागवली असणार.

गुरं घेतली आणि पेरणी का नाही? फियोना मार्शल आणि एलिझाबेथ हिल्डेब्रँड या दोन अभ्यासकांनी २००२ साली यावर जो युक्तिवाद मांडला तो मला सगळ्यांत पटतो. सहाराचा पाऊस भरपूर असला तरी बेभरवशाचा होता. कधी इथं पडेल, कधी दोन दिवसांच्या वाटेवर. अशा ठिकाणी जास्त पीक काढण्यापेक्षा उद्या खायला मिळेल याची खात्री महत्त्वाची. गाय हे चालतं-फिरतं कोठार आहे. पाऊस जिथं पडला तिथं तिला हाकत न्यायची. शेत हाकता येत नाही. पेरलेल्या तुकड्यावर पाऊस पडला नाही तर बी आणि मेहनत दोन्ही वाया. तेव्हा रानटी धान्य जिथं पिकेल तिथं गोळा करायचं आणि गुरं सोबत ठेवायची, हा हिशेब हजारो वर्षं बरोबर बसला.

आता प्रश्न असा की शेळ्या-मेंढ्या पश्चिम आशियातून आल्या, तर त्यांच्याबरोबर गहू आणि जवही का पुढं गेले नाहीत? ते आले, पण इजिप्तपर्यंतच. कैरोच्या नैर्ऋत्येला फायूम इथं सुमारे साडेसहा हजार वर्षांपूर्वीची जमिनीतली पेवं सापडली. आतून गवताच्या चटयांचं अस्तर लावलेली ही पेवं गर्ट्रूड कॅटन-थॉम्सन या पुरातत्त्वज्ञ बाईंनी १९२० च्या दशकात उघडली. काहींत गहू आणि जव तसेच होते. लाकडी मुठीला गारगोटीची पाती बसवलेला एक विळाही मिळाला.

त्यापुढं दक्षिणेला मात्र गहू सरकेना. याचं कारण इंग्रजी पुस्तकांत पानभर समजावलेलं असतं. मराठी वाचकाला दोन शब्द पुरतात. गहू आणि जव रब्बीचे. भूमध्य समुद्राकाठी पाऊस हिवाळ्यात पडतो आणि ही पिकं त्यावर वाढतात. इजिप्तमध्ये पाऊस नसला तरी नाईलचा पूर उन्हाळ्याअखेर येऊन ओसरतो आणि ओल्या गाळात हिवाळ्याच्या तोंडाला पेरणी होते, म्हणजे पुन्हा रब्बीच. पण सहाराच्या दक्षिणेला पाऊस येतो तो जून ते सप्टेंबर, ऐन उकाड्यात. तिथं खरिपाचं पीक हवं. इथिओपियाच्या थंड डोंगरांवर गहू-जव पुढं पोचले, तो अपवाद. बाकी सगळ्या पट्ट्याला आपलं खरिपाचं धान्य स्वतःच घडवावं लागलं.

पाऊस सरकला आणि पेरणी आली

पाच-साडेपाच हजार वर्षांपूर्वी पृथ्वीच्या डोलण्याचा परिणाम उलटा झाला. मोसमी पाऊस वर्षागणिक दक्षिणेला मागं सरकू लागला. तळी खारट झाली, आटली. माणसं आणि गुरं दोन-तीन दिशांना पांगली. काही नाईलकडे, काही पूर्वेला आजच्या सुदान-केनियाकडे, आणि काही नायजर नदीच्या बाजूला साहेलमध्ये. केनियातल्या तुर्काना सरोवराकाठी अशाच गुराख्यांनी सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी दगडी खांब उभारून एक मोठं दफनस्थळ बांधलं. लोथागम नॉर्थ नावाच्या या ठिकाणी अंदाजे ५८० माणसं पुरलेली आहेत, लहान-मोठी, बाया-पुरुष, आणि जवळपास सगळ्यांच्या अंगावर मण्यांचे दागिने. कोणी राजा नाही, कोणी कमी नाही. नांगर आणि नगर नसताना इतकं मोठं काम उभं राहू शकतं हे तोवर फारसं कोणी मानत नव्हतं.

जागा आक्रसली, लोक एका ठिकाणी जास्त झाले, आणि गोळा करून भागेना. मग पेरणी सुरू झाली. आणि इथंच एक जुनं कोडं होतं.

अनेक दशकं अशी परिस्थिती होती की माणसाळलेल्या ज्वारीचे सर्वांत जुने पुरावे आफ्रिकेत नव्हते, भारतात होते. गुजरात आणि आसपासच्या स्थळांवर चार ते साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ज्वारी मिळत होती. सुदानमध्ये मात्र माणसाळलेली ज्वारी मिळायची ती त्याहून पुष्कळ अलीकडची. पण रानटी ज्वारीचं मूळ आफ्रिकेचं. मग काही अभ्यासकांनी असाही तर्क केला की रानटी ज्वारी भारतात गेली, तिथं माणसाळली आणि परत आली.

कोडं सुटलं ते एका मातीच्या खापरावर. पूर्व सुदानमध्ये कासालाजवळ केजी २३ असा क्रमांक दिलेल्या स्थळाचं उत्खनन १९८० च्या दशकात झालं होतं. खापरं पेट्यांत पडून होती. भाजताना मडकं तडकू नये म्हणून कुंभार मातीत भुसा कालवतो. भट्टीत भुसा जळून जातो आणि त्याचे ठसे मातीत राहतात. अभ्यासकांनी त्या ठशांचे साचे घेतले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. दाण्याचा देठ कुठून सुटला ते त्यात दिसतं. आपोआप झडलेल्या दाण्याचा व्रण गुळगुळीत असतो, मळून ओढून काढलेल्याचा फाटलेला, खडबडीत. या खापरांत दोन्ही प्रकार मिळाले, काही गुळगुळीत, काही फाटके. म्हणजे ज्वारी माणसाळत होती, अर्धी वाट चालून झाली होती. काळ इसवी सनपूर्व ३५०० ते ३०००. हा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला आणि भारतापेक्षा हजारभर वर्षं आधीचा पुरावा सुदानच्या पदरी पडला. दाणा नाही, दाण्याचं कूसही नाही, नुसता त्याचा ठसा!

बाजरीची कथा अशीच, भुशाच्याच पुराव्यावरची. मालीच्या तिलेम्सी खोऱ्यात सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या खापरांत न झडणाऱ्या बाजरीचा भुसा मिळाला. पुढच्या काही शतकांत मॉरिटानियातल्या धार तिशित इथं कड्यावर दगडी कुंपणांची गावं उभी राहिली आणि तिथल्या मडक्यांतही बाजरीचे ठसे आहेत. बाजरी माणसाळवणं ज्वारीपेक्षा अवघड गेलं असणार, कारण बाजरीत परपरागीकरण होतं. शेजारच्या रानटी बाजरीचे पराग वाऱ्याबरोबर येतात आणि न झडणारं वाण बिघडवतात. साहेलमध्ये आजही बाजरीच्या शेतात शिब्रा नावाची अर्धरानटी ताटं उगवतात. वाढताना हुबेहूब बाजरी. कणीस पिकायला लागलं की दाणे झडतात. हे शेतकरी तेव्हाही वैतागले असतील आणि आजही वैतागतात.

ज्वारी पूर्वेला, बाजरी पश्चिमेला. आणि एवढ्यावर संपत नाही. नायजरच्या खोऱ्यात मोठ्या कोनफळासारखा याम हा कंद; नायजरच्याच आतल्या त्रिभुज प्रदेशात आफ्रिकेचा स्वतःचा भात, आशियातल्या भातापेक्षा वेगळ्या जातीचा; घानाच्या बाजूला चवळी आणि तेलमाड; इथिओपियात टेफ नावाचं बारीक धान्य, नाचणी, कारळं आणि कॉफी. पश्चिम आशियात जसा एक टापू दाखवून 'शेती इथं सुरू झाली' म्हणता येतं तसं इथं म्हणता येत नाही. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ जॅक हार्लन यांनी १९७१ सालीच लिहिलं होतं की आफ्रिकेत शेतीला केंद्र नाही, पूर्व-पश्चिम लांबवर पसरलेला पट्टा आहे.

इथिओपियातल्या एन्सेटबद्दल थोडं थांबायला हवं, कारण असलं पीक जगात दुसरीकडे नाही. दिसायला केळच, पण फळ खात नाहीत. चार-पाच वर्षं वाढू द्यायचं, मग आख्खं झाड पाडून बुंध्याचा आणि गड्ड्याचा गर खरवडायचा, पानांत गुंडाळून जमिनीतल्या खड्ड्यात पुरायचा. तो महिनोन् महिने आंबत राहतो. लागेल तसा काढून त्याची कोचो नावाची जाड भाकरी करतात. हे झाड कोणत्याही महिन्यात तोडता येतं, म्हणजे दुष्काळात परसातच बेगमी. दक्षिण इथिओपियात आजही सुमारे दोन कोटी लोकांचा त्यावर आधार आहे. मातीत दाणा, कूस किंवा भुसा काहीच मागं ठेवत नसल्यामुळे एन्सेट किंवा यामचा जुना पुरावा शोधणं पुरातत्त्वज्ञांना फार जड जातं. धान्याचा इतिहास लिहिला जातो, कंदांचा राहून जातो, हे लक्षात ठेवलेलं बरं.

खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत शेती पोचायला आणखी वेळ लागला. नायजेरिया-कॅमेरूनच्या सीमेवरून बांटू भाषा बोलणारे लोक चार-पाच हजार वर्षांपूर्वी पसरू लागले. पुढं ज्वारी, बाजरी आणि लोखंडही त्यांच्याबरोबर गेलं. मधल्या जंगलात त्सेत्से माशी होती. ती चावली की गुरांना जीवघेणा रोग होतो, त्यामुळे तिथं गुरं टिकत नाहीत. सगळ्यांनीच शेती धरली असंही नाही. टांझानियातले हादझा लोक शेजारी शेतकरी आणि गुराखी असताना शेकडो वर्षं शिकार, मध आणि कंदांवर जगत आले.

समुद्रापलीकडे

ज्वारी, बाजरी आणि नाचणी भारतात कोणत्या मार्गानं आली याचा मागमूस वाटेत फारसा नाही, पण मेसोपोटेमियात ती मिळत नाहीत. म्हणून अरबस्तानाच्या किनाऱ्याकिनाऱ्यानं, होड्यांतून आली असावीत. सौराष्ट्रात त्यांचं बस्तान लगेच बसलं, कारण तिथं खरिपात राळा, सावा यांसारखी बारीक धान्यं आधीच पेरली जात होती. नव्या बियाण्याला नवी रीत शिकवावी लागली नाही. उलट दिशेनंही माल गेला: आपल्याकडचा वशिंडाचा बैल आफ्रिकेत पोचला आणि तिथल्या गुरांत असा मिसळला की पूर्व आफ्रिकेत आज दिसणारी बहुतेक गुरं वशिंडाची आहेत. उन्हाला आणि दुष्काळाला तो काटक, म्हणून गुराख्यांनी त्याला उचलून धरलं.

ज्वारी इथं आली तेव्हा तिचं माणसाळणं पूर्ण झालेलं नव्हतं. मोकळ्या कणसाचं, लहान दाण्याचं साधं वाण होतं ते. घट्ट, भरगच्च कणसाचा, टपोऱ्या दाण्याचा 'दुर्रा' नावाचा गट नंतरचा. तो भारतातच तयार झाला आणि इथून परत आफ्रिकेत गेला, असं हार्लन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं मत होतं. सगळे ते मानत नाहीत. आपल्याकडची मालदांडी याच दुर्रा गटातली. मोहोळला निवड करून काढलेलं तिचं एम ३५-१ हे वाण सोलापूर-मंगळवेढ्याच्या काळ्या रानात अजून पेरलं जातं. आणि ते पेरतात सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाऊस सरता सरता, जमिनीत मुरलेल्या ओलीवर. सुदानात पावसाळ्यात वाढणारं हे खरिपाचं गवत दख्खनच्या काळ्या मातीत रब्बीचं पीक झालं आहे, थेट गव्हाच्या आणि हरभऱ्याच्या हंगामात.